बॉम्ब निकामी करणाऱ्या जवानांसाठी काही करायचं आहे? कोल्हापुरातून सुरुवात अशी करा

मागं एकदा गणपतीच्या आधी आमच्या तालमीच्या बैठकीत ठरलं, यंदा साउंड सिस्टीमवरचा खर्च कमी करायचा आणि ५१ हजार रुपये सैन्यात बॉम्ब निकामी करणाऱ्या जवानांसाठी द्यायचे. एका कार्यकर्त्याचा मेहुणा सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर विभागातला जवान. त्याच्या पलटणीत सुरुंगाचा स्फोट झालेला, त्यातून विषय निघाला. टाळ्या पडल्या, चहा झाला, आणि मग खजिनदारानं विचारलं, "चेक कुणाच्या नावानं फाडू?"

एकजण म्हणाला, 'भारत के वीर'ला पाठवा. दुसरा म्हणाला, पोलिसांच्या बॉम्ब पथकाला द्या. तिसऱ्यानं मोबाइलवर आलेला क्यूआर कोड पुढं केला. तिघांची उत्तरं तीन वेगवेगळ्या कारणांनी चुकीची होती, पण ते कळायला आम्हाला दोन महिने आणि बरेच हेलपाटे लागले. तुमचे ते हेलपाटे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आधी माणूस कुठल्या खात्याचा ते विचारा

वर्दी बघून आपण सगळ्यांना 'फौजी' म्हणतो. मदतीच्या कागदावर मात्र खातं बदललं की दार बदलतं.

लष्करात सुरुंग पेरणं, काढणं आणि बॉम्ब निकामी करणं हे मुख्यतः कोअर ऑफ इंजिनिअर्सचं काम. हेच सॅपर. त्यांचे तीन मोठे गट आहेत: रुडकीचे बंगाल सॅपर्स, बंगळूरचे मद्रास सॅपर्स आणि आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडची पोरं बहुतेक मराठा लाइट इन्फंट्रीत जातात हे खरं, पण खडकीला भरती झालेलेही गावोगाव सापडतील. या लोकांचा वारसा मोठा आहे. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे बॉम्बे सॅपर्सचेच. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. एका टप्प्यावर तर रणगाड्याखाली राहून, त्याच्यासोबत सरपटत, दोरीनं चालकाला खुणा करत ते पुढं गेले. परमवीरचक्र मिळालं आणि ते घ्यायला ते हयात होते. त्याआधी १९४१ मध्ये याच सॅपर्सचे प्रेमिंद्रसिंग भगत यांनी आफ्रिकेत चार दिवसांत १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आमच्या तालमीच्या भिंतीवर मल्लांचे फोटो आहेत. त्यांच्याशेजारी राणेंचा लावावा असं मी चार वर्षं म्हणतोय, अजून खिळा ठोकला गेलेला नाही.

दुसरा गट आर्मी ऑर्डनन्स कोअरचा. दारूगोळ्याची कोठारं सांभाळणं आणि मुदत संपलेला माल नष्ट करणं हे त्यांचं काम. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण गेले. त्यातले बहुतेक आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. ते सैनिक नव्हते, त्यामुळं खाली ज्या निधींबद्दल लिहिलंय त्यांच्या कक्षेत अशी माणसं येत नाहीत. अशा घराला मदत करायची तर थेटच करावी लागते.

तिसरा गट केंद्रीय सशस्त्र दलांचा: सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे. नक्षलग्रस्त भागात पेरलेल्या आयईडीशी, म्हणजे घरगुती बनावटीच्या बॉम्बशी, यांची रोजची गाठ. सीआरपीएफची आयईडी प्रशिक्षणाची संस्था तळेगावला, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालेलं 'भारत के वीर' हे या दलांसाठी आहे. लष्कराच्या जवानाच्या घरासाठी तिथं पैसे टाकले तर ते चांगल्याच कामाला लागतील, फक्त तुमच्या मनातल्या माणसापर्यंत जाणार नाहीत.

चौथे पोलीस. बसस्टँडवर बेवारस पिशवी सापडली की श्वान घेऊन येतात ते राज्य पोलिसांचं बॉम्बशोधक व नाशक पथक. त्यांची कल्याणाची व्यवस्था पोलीस खात्यात असते, चौकशी पोलीस अधीक्षक कार्यालयात करायची.

'शहीद' शब्दाच्या पलीकडं बघा

नवख्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथं होते. आमचीही झाली.

आपल्याला अंत्ययात्रा दिसते. फेब्रुवारी २०१९ मध्ये नौशेरा भागात मेजर चित्रेश बिश्त एक आयईडी निकामी करून दुसऱ्याकडं वळले आणि तो फुटला. ७ मार्चला त्यांचं लग्न ठरलेलं होतं. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटला एनएसजीचे (दहशतवादविरोधी कमांडो दल) लेफ्टनंट कर्नल निरंजन मारल्या गेलेल्या दहशतवाद्याचा मृतदेह तपासताना, त्याच्या अंगावरच्या ग्रेनेडचा स्फोट होऊन गेले. अशा बातम्या देशभर पोचतात, आणि पोचायलाच पाहिजेत.

पण या कामात मरणाऱ्यांबरोबर अर्धवट वाचणारे फार असतात. पायाखालचा सुरुंग बहुतेक वेळा जीव घेत नाही, घोट्यापासून किंवा गुडघ्याखालून पाय नेतो. स्फोटाच्या दाबानं कानाचे पडदे फाटतात. डोळ्यांत माती आणि कपचे जातात. डोक्याला वरून जखम दिसत नाही, पण माणूस चिडचिडा होतो, विसरतो, झोपत नाही. २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, म्हणजे पाकिस्तानच्या सीमेवर सैन्य उभं केलं तेव्हा, तिथं पेरलेले सुरुंग नंतर परत काढावे लागले. त्या काढण्यात कितीतरी सॅपर जायबंदी झाले आणि लढाई झालीच नसल्यामुळं त्यांची आठवण कुणी ठेवली नाही. गावात त्यांना 'मेजर' म्हणून हाक मारतात, मग हुद्दा नाईकचा असला तरी. हाक मारतात आणि पुढं जातात.

म्हणून आमच्या तालमीनं नंतर एक साधा नियम केला. मदतीतला निम्मा हिस्सा जिवंत जखमींसाठी. ज्यांच्या घरी पुष्पचक्र गेलं नाही, त्यांच्या घरी आपण जायचं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन या

पैसे द्यायच्या आधी हे करा. प्रत्येक जिल्ह्यात असतं तसं हे कार्यालय कोल्हापुरातही आहे. त्याच्या मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि राज्य पातळीवर सैनिक कल्याण विभाग पुण्याला आहे. माजी सैनिक, वीरपत्नी, वीरमाता-वीरपिता यांची नोंद इथं असते.

जाताना 'आम्हाला देणगी द्यायची आहे' एवढंच बोलू नका. विचारा: आपल्या तालुक्यात स्फोटात जखमी होऊन घरी आलेले किती आहेत, आणि त्यांतलं कुठलं कुटुंब आत्ता कशासाठी अडलंय? नावं लगेच सांगणार नाहीत, सांगूही नयेत. तुमचं पत्र ठेवा, मंडळाचा नोंदणी क्रमांक द्या आणि कुटुंबाची इच्छा असली तर त्यांनीच फोन करावा असं सांगून या. आम्हाला पहिला फोन तीन आठवड्यांनी आला. समोरून वहिनी बोलत होत्या आणि त्यांना पैसे नकोच होते. नवऱ्याला पुण्याला न्यायला गाडी पाहिजे होती.

दुसरी खबर मिळायची जागा म्हणजे तालुक्यातल्या माजी सैनिक संघटना. चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागात त्या जोरात आहेत. शिरोळ तालुक्यात तर एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. तिथल्या एखाद्या निवृत्त सुभेदारसाहेबांशी तासभर बोललात तर आठ पत्रकं वाचून कळणार नाही एवढं कळतं. चहाला नाही म्हणू नका.

पैसे द्यायचे तर कुठल्या खात्यात

ब्रिटनमध्ये बॉम्ब निकामी करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी 'फेलिक्स फंड' नावाची स्वतंत्र धर्मादाय संस्था २०११ पासून आहे. आपल्याकडची मदतीची मुख्य दारं सगळ्या सैन्यदलांना सामायिक आहेत. त्यातली आम्ही वापरलेली किंवा जवळून बघितलेली सांगतो.

सशस्त्र सेना ध्वजदिन निधी सगळ्यात जुना आणि सोपा. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळतात. शाळेत तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा असा छोटा झेंडा छातीला टाचल्याचं तुम्हालाही आठवत असेल. भूदल, नौदल, वायुदल. हा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच गोळा होतो, पावती तिथंच मिळते. माजी सैनिकांच्या अडचणी, मुलांचं शिक्षण, मुलींची लग्नं यांसाठी केंद्रीय सैनिक बोर्ड ज्या योजना चालवतं त्यांना पैसा इथून जातो. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या कुटुंबांना मुलांच्या शिक्षणासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याला १ हजारची २ हजार झाली. वहिनींना ही वाढ ठाऊक असेलच असं धरू नका, सांगा.

आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड हा थेट युद्धात किंवा कारवाईत गेलेल्या आणि जायबंदी झालेल्यांसाठी. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनला हिमस्खलनात जवान गाडले गेले, तेव्हा लोकांनी आपणहून पैसे पाठवायला सुरुवात केली, त्यातून हा उभा राहिला. गेलेल्या जवानाच्या वारसाला आणि ६० टक्के किंवा जास्त अपंगत्व आलेल्याला मिळणारी रक्कम २०१९ मध्ये २ लाखांवरून ८ लाख केली. ऑनलाइन देणगीसाठी 'माँ भारती के सपूत' हे संकेतस्थळ २०२२ पासून आहे. आमच्या ५१ हजारांतला मोठा भाग शेवटी इथंच गेला.

आता त्या क्यूआर कोडचं. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये सैन्याच्या शस्त्रखरेदीसाठी रोज एक रुपया टाका असा निरोप आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर फिरला होता. तो दिशाभूल करणारा असल्याचं संरक्षण मंत्रालयाला सांगावं लागलं. कुठलीही मोठी घटना घडली की ४८ तासांत असे निरोप येतात. खात्याचा क्रमांक व्हॉट्सअॅपवरून कधीच घेऊ नका, सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून बघा किंवा कार्यालयातून लिहून घ्या. खासगी संस्थेला द्यायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, मागच्या वर्षीचा हिशेब आणि करसवलतीचं प्रमाणपत्र मागा. जो चिडेल त्याला देऊ नका. करसवलत हवी असेल तर २ हजारांवर रोख देऊ नका, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत मिळतच नाही, हे आधी आपल्या सीएला विचारा.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या फौंड्रीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ५ कोटींवर निव्वळ नफा असलेल्या कंपनीला २ टक्के सीएसआर, म्हणजे सामाजिक कामावरचा खर्च, करावाच लागतो, आणि माजी सैनिक, युद्धविधवा व त्यांच्या कुटुंबांसाठीचा खर्च त्यात बसतो. पण मला विचाराल तर फौंड्रीनं नोकरी द्यावी. एक पाय नसलेला सॅपर स्टोअर, तपासणी, सेफ्टी ऑफिसरच्या हाताखालचं काम उत्तम करतो. धोका ओळखायचं शिक्षण त्याच्याएवढं कुणाचं झालेलं असतं?

पुण्याची वाट

कोल्हापूरकरांचं नशीब असं की जखमी जवानांच्या तीन मोठ्या संस्था सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर आहेत. वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र, १९४४ चं. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, १९७४ चं, पाठीच्या कण्याला मार बसलेल्यांसाठी. तिथले काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, ती विकत घेता येतात. आणि खडकीलाच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९१७ पासून अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी. गेली शंभर वर्षं ती चालू आहे आणि कोल्हापुरात दहा जणांना विचारलं तर नऊ जणांना माहीत नसतं.

कृत्रिम पाय एकदा बसवला की झालं असं नसतं. उरलेला भाग आकार बदलतो, सॉकेट ढिलं होतं, घासून जखम होते, मग पुन्हा पुण्याची वारी. उन्हाळ्यात घाम आला की जास्तच. एस.टी.त उभं राहून जाणं शक्य नसतं आणि सोबतीला कुणीतरी लागतं. वहिनी गेल्या तर पोरांना कोण बघणार, म्हशीची धार कोण काढणार? मंडळाकडं एक गाडी, एक चालक आणि दोन सोबती यांची यादी तयार असेल तर ती मदत ५१ हजारांपेक्षा मोठी आहे. पहाटे पाचला निघा. पिठलं-भाकरी बांधून घ्या, वाटेतल्या हॉटेलात पायऱ्या फार असतात.

कागद हीच खरी सुरुंगपट्टी

बिगरपैशाचं सगळ्यात उपयोगी काम हे. मंडळात एखादा निवृत्त कारकून किंवा बँकवाला असतोच, त्याला इथं घाला.

पहिला प्रश्न वर्गवारीचा. घटना 'बॅटल कॅज्युअल्टी' धरली की 'फिजिकल', यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. सीमेजवळच्या कारवाईच्या क्षेत्रात सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेला स्फोट युद्धातल्या हानीसारखाच धरला जातो. त्यात जवान गेला तर कुटुंबाला लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराएवढं. सेवेतलाच पण साधा अपघात ठरला तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ६० टक्के. फरक जन्मभराचा आहे. म्हणून घटनेचा अहवाल आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या कागदांच्या प्रती कुटुंबाकडं आहेत का, हे पहिल्या दोन महिन्यांत बघा. नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज लिहून द्या, मागत राहा.

दुसरं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या घरच्या माहितीची पलटणीतली अधिकृत नोंद. लग्न, मुलाचा जन्म, पत्नीच्या नावाचं स्पेलिंग यांची पलटणीत नोंद झाली असेल तरच पेन्शन सुरळीत लागते. आधारवर 'संगीता', सर्व्हिस रेकॉर्डला 'संगिता', एवढ्या वेलांटीनं एका घराची फाइल पाच महिने अडलेली मी बघितली आहे. पेन्शन आता स्पर्श या ऑनलाइन प्रणालीवर असते, तिथं दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्या आजीला स्मार्टफोन येत नाही तिच्यासाठी नोव्हेंबरात एक दिवस काढा.

तिसरं, जखमीचं. कानात सतत शिटी वाजते, डोकं दुखतं, हे जवान डॉक्टरला सांगत नाहीत. कमीपणा वाटतो. पण सेवेतून सुटताना रिलीज मेडिकल बोर्डापुढं नोंद झाली नाही तर पुढं अपंगत्वाचं पेन्शन मागणं अवघड जातं. अजून नोकरीत असलेला कुणी तुमच्या ओळखीचा असेल तर हे एक वाक्य त्याच्या कानावर घाला. निवृत्तांसाठी ईसीएचएसचं (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिक कोल्हापुरात आहे, कार्ड काढलंय का ते विचारा. आणि मनाचं दुखणं असेल तर १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. सैनिकांसाठी तिचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, आहे. नंबर चिठ्ठीवर लिहून वहिनींकडं द्या, मेजरसाहेबांकडं नको. ते खिशात घालून विसरतील.

घरी गेल्यावर

मोठा पुठ्ठ्याचा चेक नेऊ नका. फोटो काढायचा असेल तर विचारून, आणि नको म्हणाले तर खरंच नको. आम्ही पहिल्यांदा पंधरा जण गेलो होतो, हार-नारळ घेऊन. सोप्यात बसायला जागा नव्हती आणि त्या घरातल्या आबांना शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणाव्या लागल्या. दोघं जा. त्यात एक बाई असू द्या. वीरपत्नीशी बोलायला पुरुषांचं टोळकं पुढं बसलं की सासरेच उत्तरं देतात.

मदत कुणाच्या हातात, हा नाजूक विषय आहे. सून आणि सासू-सासरे यांच्यात पैशावरून ताण येतो, हे गावाला माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. आपण न्यायाधीश व्हायचं नाही. पत्नीची मदत पत्नीच्या खात्यावर, आई-वडिलांची त्यांच्या खात्यावर, दोन्ही घरांना सांगून. मुलांसाठी असेल तर शाळेची फी थेट शाळेत भरा आणि पावती आईला द्या.

'कसं झालं सांगा की' असं विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ते म्हशी, ऊस, कारखान्याचं बिल यावर बोलता बोलता मध्येच सांगतील. ३५ किलोच्या आसपासचा बॉम्ब सूट घालून उन्हात चालणं काय असतं, किंवा डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्याच्या प्रयोगशाळेनं केलेला 'दक्ष' हा बॉम्ब हाताळणारा रोबो जिथं जात नाही तिथं हातानंच कसं करावं लागतं, हे ऐकायला मिळालं तर ऐका. मध्ये बोलू नका.

भेटीच्या तारखा ठरवून टाका. पहिल्या महिन्यात पुढारी येतात, तेराव्यानंतर पाहुणे जातात, वर्षश्राद्धापर्यंत पलटणीतले फोन असतात. खरी गरज दुसऱ्या वर्षी लागते. पोराची दहावी, घराची गळती, बांधावरून भावकीशी भांडण. आम्ही वहीत प्रत्येक घरापुढं चार महिने लिहून ठेवलेत: जून, ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी. जून शाळेसाठी, नोव्हेंबर हयातीच्या दाखल्यासाठी. ऑगस्ट पुरामुळं. २०१९ च्या पुरात शिरोळ भागात लष्कराच्या बोटी आल्या होत्या, तेव्हा आपल्याला छतावरून उतरवून घेणाऱ्यांपैकी कुणाचं घर कुठं आहे, हे आपण विचारलंसुद्धा नव्हतं.

फेब्रुवारी कशाला, असं नवे कार्यकर्ते विचारतात. त्या महिन्यात काहीच नसतं, म्हणून.

दिवाळीचं एक राहिलं. ज्या गल्लीत असा माणूस राहतो तिथं सुतळी बॉम्ब लावायच्या आधी पोरांना त्याच्या घरी पाठवा, नुसतं सांगायला, की काका, आठ वाजता लावणार आहोत. आवाजाचा त्रास कमी होत नाही, पण तो अचानक येत नाही. आमच्या गल्लीतले मेजर पहिल्या वर्षी आठ वाजायच्या आत घराच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. गेल्या वर्षी पोरं सांगायला गेली तर म्हणाले, वात आखूड आहे, लांब करून देतो, आणा इकडं.